विरघळणारी परांची: हाडासाठी छापील स्कॅफोल्ड बनवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरात आमची दोन खोल्यांची प्रयोगशाळा आहे. तीन थ्रीडी प्रिंटर, एक ओव्हन, 37 अंशांवर चालणारं एक इनक्युबेटर आणि सराफ्यातून आणलेला सोनाराचा काटा, एवढाच संसार. प्रश्न मात्र चारी बाजूंनी येतात. इंजिनिअरिंगची पोरं विचारतात, डॉक्टर विचारतात, आणि पेशंटचे नातेवाईकही फोन करतात. तीच ती उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून ती इथे लिहून ठेवली.

"सर, तुम्ही हाड छापायलेत म्हणं?"

नाही. हाड शरीरच बनवतं, आम्ही त्याला चढायला परांची बनवतो. स्लॅब टाकताना खालचं सेंटरिंग आठवा. काँक्रीट ओलं असेपर्यंत भार सेंटरिंगवर असतो, आणि स्लॅब पक्का झाला की ते काढतात. आमचं सेंटरिंग मांडीच्या किंवा जबड्याच्या आत असतं आणि ते काढायला पुन्हा चिरफाड करायची नसते. ते आपलं आपण विरघळून गेलं पाहिजे. छापणं त्यामानाने सोपं आहे. ते कधी आणि कसं जाईल, हे ठरवणं अवघड. या पानावरची निम्मी उत्तरं त्याभोवतीच फिरतात.

पण हाड तर आपोआप जुळतं. मग याची गरज काय?

तडा गेला असेल, टोकं समोरासमोर असतील, तर जुळतं. पहिले काही दिवस रक्ताची गुठळी आणि सूज असते. दोन-तीन आठवड्यांत मऊ सांधण तयार होतं, पुढे सहा ते बारा आठवड्यांत ते टणक होतं, आणि मग कित्येक महिने, कधी वर्षंही, शरीर त्याला तासून मूळ आकारात आणत राहतं. पण अपघातात हाडाचा तुकडाच गेला, किंवा गाठ काढताना डॉक्टरांना हाड कापावं लागलं, आणि मधलं अंतर एका मर्यादेपलीकडे गेलं, की दोन टोकं एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. मधे नुसता चिवट तंतूंचा भराव तयार होतो.

अशा वेळी आजही सगळ्यांत भरवशाचा उपाय म्हणजे पेशंटच्याच कमरेच्या हाडातून भर काढून तिथे घालणं. त्यात जिवंत पेशी असतात, शरीर ते परकं मानत नाही. अडचण एवढीच की कमरेत मिळणारं हाड मोजकं असतं आणि काढलेल्या जागेचं दुखणं कधीकधी मूळ दुखण्याहून जास्त दिवस पुरतं.

माझ्या वडिलांच्या नडगीतलं चार सेंटिमीटर हाड गेलंय. तुमच्याकडून बसवून मिळेल का?

नाही, आणि कुणी "देतो" म्हणालं तर त्याच्याकडे परवाना मागा. आम्ही बनवतो ते नमुने प्रयोगासाठी असतात. माणसाच्या शरीरात बसवायची वस्तू भारतात 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येते. धोक्यानुसार तिचे चार गट पाडलेले आहेत. शरीरात मुरणारं रोपण वरच्या गटांत बसतं, आणि त्याचा परवाना केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडून घ्यावा लागतो.

वडिलांसाठी डॉक्टर बहुधा पायाभोवती बाहेरून बसवायच्या रिंगांबद्दल बोलले असतील. ही इलिझारोव्ह यांची पद्धत. सोव्हिएत रशियातल्या कुर्गान गावात या डॉक्टरांनी 1950 च्या दशकात ती बसवली. हाड एका ठिकाणी मुद्दाम कापतात आणि तो तुकडा रोज साधारण 1 मिलिमीटर सरकवतात. मागे राहणाऱ्या फटीत नवं हाड तयार होत जातं. चार सेंटिमीटर म्हणजे नुसतं सरकवायलाच चाळीस दिवस, आणि ते हाड घट्ट होईपर्यंत रिंगा पुढे आणखी कित्येक महिने. घरच्यांना ते बघवत नाही हे खरं, पण ही पद्धत जगभर हजारो पायांवर तावून सुलाखून निघालेली आहे. आमची नाही.

एक गोष्ट मात्र आज होऊ शकते. सीटी स्कॅनवरून वडिलांच्या नडगीचा हुबेहूब प्लास्टिकचा नमुना छापता येतो. सर्जन त्यावर प्लेट आधीच वाकवून बघतात आणि ऑपरेशनमधला वेळ वाचतो. हा नमुना शरीरात जात नाही.

मग माणसात असं काही वापरलंच गेलं नाही का?

गेलंय. सिंगापूरमध्ये तयार झालेल्या पीसीएल या विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या छापील चकत्या कवटीला पाडलेली भोकं बुजवायला वापरतात. 2012 मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी आणि इंजिनिअरांनी एका तान्ह्या बाळाच्या मिटणाऱ्या श्वासनलिकेवर पीसीएलचंच छापील कवच बसवलं. ते हाडासाठी नव्हतं, पण तत्त्व हेच होतं. साधारण तीन वर्षांत ते विरघळावं आणि तोवर बाळाची नळी स्वतःच्या जोरावर उघडी राहावी. जिथे चालण्याचा पूर्ण भार येतो अशा मांडीच्या किंवा नडगीच्या मोठ्या फटीत मात्र हे अजून रोजच्या वापरात आलेलं नाही.

स्कॅफोल्ड कशाचा बनवतात?

पोरं सुरुवात करतात पीएलएपासून, कारण तो प्रिंटरमध्ये आधीच लावलेला असतो. मक्याच्या स्टार्चपासून किंवा उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनतं आणि त्याची साखळी गुंफून पीएलए. सिल्लोडच्या बाजारात मक्याचे ढीग बघितलेल्या माणसाला हे ऐकून गंमत वाटते. शरीरात तो पुन्हा लॅक्टिक आम्ल होतो, आणि शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. कडक असतो, पण ठिसूळ.

पीसीएल मऊ आणि चिवट. 60 अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे छापायला सोपा. विरघळायला मात्र दोन वर्षांहून जास्त घेतो. पीएलजीए हा लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचा मिश्र बहुलक (पॉलिमर). निम्मे-निम्मे घेतले तर एक-दोन महिन्यांत जातो, 85 ला 15 घेतले तर पाच-सहा महिने टिकतो. काळ हवा तसा धरता येतो, म्हणून डॉक्टरांना तो आवडतो. खिशाला आवडत नाही.

याशिवाय खनिज: हायड्रॉक्सीॲपेटाइट आणि बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे टीसीपी. आपल्या हाडाचा दोन तृतीयांश भाग खनिजच आहे. हायड्रॉक्सीॲपेटाइट शरीरात वर्षानुवर्षं तसंच राहतं, टीसीपी त्यामानाने लवकर विरघळतं. नुसत्या प्लास्टिकवर पेशी नाखुशीने बसतात, खनिज मिसळलं की बऱ्या बसतात. पीसीएलमध्ये वजनाने 20 टक्के टीसीपी हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आमचं आवडतं मिश्रण. धातूंमध्ये मॅग्नेशियमही विरघळतं, पण जाता जाता हायड्रोजन वायूचे बुडबुडे सोडतं. तो विषय वेगळा.

किती दिवसांत विरघळायला हवा?

सगळ्यांत जास्त वाद याच प्रश्नावर होतात. "लवकरात लवकर" हे उत्तर चूक आणि "जितका टिकेल तितका बरा" हेही चूक.

लवकर गेला, तर ओल्या स्लॅबखालचं सेंटरिंग काढल्यासारखं होतं. फार रेंगाळला, तर भार तोच घेत राहतो आणि नव्या हाडाला कामच उरत नाही. हाडाला काम लागतं. ज्या दिशेने भार येतो तिकडे हाड जाड होतं, जिथे येत नाही तिथे झिजतं. जर्मन शल्यविशारद युलिअस वोल्फ यांनी हे 1892 मध्येच मांडलं होतं. साधारण 110 गिगापास्कल ताठपणाची टायटॅनियम मिश्रधातूची प्लेट 15 ते 20 गिगापास्कलच्या हाडाशेजारी बसवली की प्लेटच सगळा भार खाते, आणि खालचं हाड आळशी होतं. विरघळणाऱ्या आधाराचा खरा फायदा इथे आहे. तो हळूहळू हात काढून घेतो.

आता यातली मेख. पोरं दर आठवड्याला नमुन्याचं वजन करतात आणि "सर, काहीच विरघळलं नाही" म्हणतात. वजन सगळ्यांत शेवटी कमी होतं. आधी पाणी आत शिरून बहुलकाच्या लांब साखळ्या तोडतं. साखळ्या आखूड झाल्या की ताकद जाते. तुकडे विरघळण्याइतके लहान झाले, की मग कुठे वजन घटायला लागतं. म्हणजे काट्यावर नमुना जसाच्या तसा असतो आणि चिमटीत धरला की मोडतो. वाळवी लागलेली माळवदाची तुळई बाहेरून अशीच धडधाकट दिसते. म्हणून वजनाबरोबर दर वेळी दाबाची चाचणी घ्या, आणि शक्य असेल तर रेणुभारही मोजून घ्या.

दुसरी मेख आम्लाची. पीएलए आणि पीएलजीए तुटताना आम्ल सुटतं. पातळ धाग्यातून ते बाहेर निघून जातं. जाड भागात आतच साठतं आणि तेच आम्ल उरलेल्या साखळ्या आणखी वेगाने तोडतं. त्यामुळे जाड ठोकळा आतून आधी पोकळ होतो. धागे बारीक ठेवा. टीसीपी मिसळलं असेल तर ते थोडं आम्ल मारतं, हा त्याचा दुसरा उपयोग.

चाचणी 37 अंशांवर, 7.4 सामूच्या फॉस्फेट द्रावणात करा. घाई म्हणून 70 अंशांवर किंवा कॉस्टिक सोड्यात करणारे आहेत. पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतो, त्यामुळे त्या तापमानाला दिसतं ते वेगळ्याच पदार्थाचं वागणं असतं. प्रोजेक्टची तारीख जवळ आली म्हणून निसर्ग धावत नाही.

छिद्रं किती मोठी ठेवायची?

हाड बनवणारी पेशी असते 20-30 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणून पोरं 50 मायक्रॉनची छिद्रं काढतात. पण आत नुसती पेशी जात नाही, तिच्यामागे रक्तवाहिनी जावी लागते. केशवाहिनीपासून 100-200 मायक्रॉनपलीकडे पेशी जगत नाही. 100 मायक्रॉन ही किमान मर्यादा धरतात आणि 300 च्या वर गेलं की रक्तवाहिन्या आणि हाड दोन्ही बरे वाढतात. आणि छिद्रं एकमेकांत उघडायला हवीत. बंद छिद्र म्हणजे दार नसलेली खोली.

हिशेब कागदावर करून बघा. नोझल, म्हणजे प्रिंटरची धागा सोडणारी तोटी, 0.4 मिमीचं, एका थरात धागे आडवे, वरच्या थरात उभे. दोन धाग्यांच्या मध्यांतलं अंतर 0.8 मिमी, थराची उंची 0.4 मिमी. धाग्याचं क्षेत्रफळ 0.126 चौरस मिमी. त्याला 0.8 गुणिले 0.4, म्हणजे 0.32 ने भागा, 0.39 येतं. 39 टक्के माल, 61 टक्के पोकळी, आणि फट 400 मायक्रॉनची. फारच छान.

आता प्रिंट सूक्ष्मदर्शकाखाली धरा. नोझलमधून बाहेर पडताना धागा फुगतो. समजा 0.45 झाला. फट 350 वर आली आणि पोकळी 61 वरून 50 टक्क्यांच्या आसपास. वरचा थर खाली लोंबला असेल तर उभ्या बाजूची फट आणखी बारीक. कागदावरची छिद्रं आणि हातातली छिद्रं यांत हा असा फरक पडतो.

सीटी यंत्र नसेल तर काटा आहेच. 10 मिमीचा घन छापा. भरीव पीएलए असता तर 1.24 ग्रॅम भरला असता. आमचा मागच्या महिन्यातला एक 0.60 भरला, म्हणजे पोकळी सुमारे 52 टक्के. सराफ्यातल्या काट्याचं याहून चांगलं काम आम्ही अजून बघितलेलं नाही.

आडवे-उभे धागे सोडून ते वळणावळणाचं जायरॉइड वापरलं तर?

वापरा. ॲलन शोन यांनी 1970 मध्ये नासात असताना मांडलेला हा पृष्ठभाग आहे. त्यात कोपरे नसल्यामुळे ताण एका जागी साचत नाही आणि वक्र भिंती पेशींना मानवतात. पण स्लायसरमधल्या (डिझाइनचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) "इनफिल"च्या, म्हणजे आतल्या भरावाच्या, यादीतून जायरॉइड निवडलं आणि डिझाइन झालं, असं समजू नका. भिंतीची जाडी नोझलपेक्षा कमी आली तर प्रिंटर ती मुकाट्याने गाळून टाकतो.

पोकळी वाढवली की ताकद किती घटते?

झपाट्याने. ढोबळ नियम असा की ताठपणा घनतेच्या प्रमाणाच्या वर्गाने घटतो. भरीव पीएलए साधारण 3 गिगापास्कल. वरच्या ठोकळ्यात माल 0.48, त्याचा वर्ग 0.23, म्हणजे ताठपणा 0.7 गिगापास्कलच्या आसपास. हाडाच्या आतल्या जाळीदार भागाला हे शोभतं. बाहेरच्या घट्ट कवचाच्या जवळपासही ते जात नाही. म्हणून पायात बसवायचं तर सोबत प्लेट किंवा रॉड लागणारच.

दुकानात मिळणारं फिलामेंट (प्रिंटरमध्ये घालायची प्लास्टिकची तार) चालेल का?

सरावाला चालेल. पेशींच्या चाचणीलाही नको, शरीर तर दूरच. त्यात रंग, चिवटपणाची भर आणि काय काय असतं ते डबीवर लिहिलेलं नसतं. वैद्यकीय दर्जाचे दाणे घ्या आणि ते वितळवून ढकलणाऱ्या ज्या एक्सट्रूडरमधून जातील त्यातून आधी दुसरं काही काढलेलं नसावं. पितळी नोझलमध्ये थोडं शिसं असू शकतं, आणि टीसीपीसारखं खनिज पितळ घासूनही टाकतं. पोलादी लावा.

निर्जंतुक कसं करायचं?

ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेचं यंत्र, नको. तिथे 121 अंश असतात. एकदा एका दवाखान्यात आमचे पीसीएलचे सहा नमुने सिस्टरांनी सवयीने हत्यारांसोबत ऑटोक्लेव्हमध्ये टाकले. ट्रेवर सहा पापड मिळाले. चूक आमची होती, डबीवर चिठ्ठी लावली नव्हती. इथिलीन ऑक्साइड वायू चालतो, पण नंतर तो पूर्ण निघून जायला वेळ द्या. गॅमा किरणंही चालतात, नेहमीचा डोस 25 किलोग्रे. मात्र त्याने साखळ्या तुटतात आणि विरघळण्याचा काळ बदलतो. म्हणून विरघळण्याची चाचणी निर्जंतुक केल्यानंतरच्या नमुन्यावर करा. हे जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टमध्ये उलटं झालेलं असतं.

आपल्याकडच्या हवेचा काही त्रास?

मे महिन्यात नांदेडला न्यायचे पीसीएलचे नमुने एकदा गाडीच्या पुढच्या काचेखाली ठेवले होते. परभणीला चहाला थांबलो, परत आलो तर जाळ्या एकमेकींना चिकटलेल्या. पावसाळ्यात त्रास उलटा. फिलामेंट दमट होतं, छापताना तडतडतं आणि धाग्यात बुडबुडे येतात. शिवाय गरम नोझलमध्ये तेच पाणी साखळ्या तोडतं, म्हणजे नमुना जन्मतःच अर्धा म्हातारा. पीएलए छापण्याआधी 45-50 अंशांवर काही तास वाळवा. पीसीएलला एवढी ऊब देऊ नका, सिलिका जेलच्या डब्यात ठेवा.

जालन्याच्या रेशीम कोषांचा उपयोग होईल का? आणि अंड्याच्या टरफलांचा?

होईल, आणि हा विषय इथल्या पोरांनी घ्यावा असं मला मनापासून वाटतं. बीड-जालन्याकडे तुतीची शेती वाढली आहे, जालन्याला कोषांचा बाजार भरतो. कोषात 70-80 टक्के फायब्रॉइन, म्हणजे रेशमाच्या तंतूचं प्रथिन, आणि बाकी बहुतेक सेरिसिन नावाचा डिंक. हे दोन्ही एकत्र शरीरात गेले तर सूज येऊ शकते, म्हणून कोष सोडियम कार्बोनेटच्या उकळत्या पाण्यात धुऊन डिंक काढतात. उरलेले तंतू तीव्र लिथियम ब्रोमाइडमध्ये विरघळवतात आणि मग कित्येक तास पाण्यात डायलिसिस. हाती येतं पातळ, पाण्यासारखं फायब्रॉइन. नुसतं छापायला ते वाहून जातं, घट्ट करावं लागतं. भोक पडलेले, रीलिंगला न चालणारे कोष यासाठी पुरतात.

अंड्याचं टरफल बहुतांश कॅल्शियम कार्बोनेट असतं. 900 अंशांच्या आसपास भाजून चुना करा आणि फॉस्फेटशी जुळवा. हायड्रॉक्सीॲपेटाइटमध्ये कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण 1.67 आणि टीसीपीत 1.5 असतं, तेवढं सांभाळा. क्ष-किरण चाचणीवाचून "बनलं" म्हणू नका. पांढरी पूड काय, सगळीच पांढरी असते.

"आम्ही माळकरी आहोत. यात जनावराचं काही असतं का?"

विचारायलाच हवा असा प्रश्न. पीएलए, पीसीएल, टीसीपी यांत नसतं. रेशमात कोषातला किडा मरतो. दातांच्या दवाखान्यात वापरतात त्यांतली काही हाडांची पूड गायीच्या किंवा डुकराच्या हाडापासून केलेली असते. डॉक्टरांना आधी विचारा, दुसरे पर्याय असतात.

पाण्यात फ्लोराइड असल्यामुळे हाडं ठिसूळ झालीत. त्यावर हे चालेल?

नाही. हा एका जागच्या फटीचा उपाय आहे, सगळ्या सांगाड्याचा नाही. आधी पिण्याचं पाणी बदला.

स्कॅफोल्डमध्ये औषध किंवा वाढीचं प्रथिन भरलं तर?

1965 मध्ये मार्शल युरिस्ट यांनी दाखवलं की खनिज काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं तरी तिथे नवं हाड उगवतं. त्यातूनच पुढे बीएमपी ही हाड वाढवणारी प्रथिनं सापडली. अमेरिकेत 2002 पासून त्यांतलं एक मणक्याच्या ऑपरेशनमध्ये वापरतात. जास्त झालं तर सूज येते आणि नको तिथे हाड वाढतं. पदवीच्या प्रोजेक्टमध्ये याच्या वाटेला जाऊ नका.

प्रोजेक्ट कुठे थांबवायचा?

डिझाइन, प्रिंट, पोकळीची मोजणी, दाबाची चाचणी आणि बारा आठवड्यांची विरघळण्याची चाचणी, एवढं नीट झालं तरी भरपूर आहे. पेशींच्या चाचण्या जिथे पेशी वाढवण्याची सोय आहे तिथे, तिथल्याच माणसांच्या देखरेखीखाली करा. प्राण्यांवरचं काम नैतिकता समितीच्या लेखी परवानगीशिवाय नाही. आणि अहवालात "माणसांसाठी उपयुक्त" असं लिहू नका. "37 अंशांच्या द्रावणात बारा आठवडे असं वागलं" एवढं लिहा.

लाइट गेली आणि प्रिंट अर्धवट राहिला तर पुढे चालू करता येतो का?

प्रिंटर करतो. खेळणं किंवा हाडाचा नमुना असेल तर करू द्या. स्कॅफोल्ड असेल तर फेकून द्या. गार झालेल्या थरावर गरम थर नीट धरत नाही आणि दाब दिला की तो तिथेच सुटतो. आमच्या कपाटात असा एक ठोकळा ठेवलाय, बाहेरून एकदम व्यवस्थित. नवीन आलेल्या प्रत्येकाला तो दोन बोटांत धरून हलकासा पिळायला देतो.